वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर सांधे ठणकतायत, पण रिपोर्ट नॉर्मल. गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारा सांध्यांचा आजार) असू शकतो का?

रंकाळावेस · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. आजवर वाचनमात्र होते, पहिला धागा काढतेय तोही दुखण्याचा.

वय ५३, कोल्हापूर, शाळेत शिकवते. तीन महिन्यांपूर्वी पुण्यात मिनी गॅस्ट्रिक बायपास झाला. तेव्हा वजन ११२ किलो होतं, आता ९३ आहे. साखरेच्या गोळ्या सुटल्या, जिना चढताना धाप लागत नाही. भेटेल तो 'चेहरा किती उतरलाय' म्हणतो, ते सोडून देते.

त्रास असा आहे. ऑपरेशननंतर दीडएक महिन्याने एका रात्री उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला. लाल, गरम, सुजून चकचकीत. पांघरुणाचं टोक लागलं तरी जीव जायचा. आठवड्याभरात आपोआप उतरलं, तेव्हा वाटलं कुठेतरी ठेचकाळलं असेल. आता चार दिवसांपासून तेच डाव्या घोट्यात.

याशिवाय मांड्या, कंबर, बरगड्या असं सगळीकडे मंद मंद दुखत राहतं. खुर्चीतून उठताना हातांचा जोर लावावा लागतो. हे आणि ते एकच का वेगळं, मला कळत नाही.

घोटा दुखत असतानाच रक्त तपासलं. युरिक ॲसिड ६.२. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे, गाऊट नाही, आणि बायकांना तो होतही नाही. आरए फॅक्टर (आमवाताची तपासणी) निगेटिव्ह. सर्जनच्या दवाखान्यात फोन केला तर 'याचा ऑपरेशनशी संबंध नाही, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा'. त्यांनी एक्स-रे काढला, त्यात काहीच नाही. केमिस्टने दुखण्याची गोळी दिलीय. ती अजून पाकिटातच आहे, कारण डिस्चार्जच्या कागदावर जाड अक्षरांत 'पेनकिलर घेऊ नये' असं छापलंय. पॅरासिटॅमॉल घेतली, ठणक्याला काही ढिम्म फरक नाही.

कुणाला असं झालंय का? नेमकं कुठल्या डॉक्टरकडे जायचं?


तात्या_डोंबिवली · सोमवार, रात्री १०:०५

ताई, रोज सकाळी अनशापोटी लिंबू आणि चिमूटभर खायचा सोडा. युरिक ॲसिड पंधरा दिवसांत खाली. मेव्हण्याचं झालंय, डोळ्यांनी पाहिलंय. डाळी, पालक, टोमॅटो आजपासून बंद.

बाकी एक विचारू का, ऑपरेशन कशाला केलंत? रोज तासभर चाललं असतं तरी झालं असतं. (दिवे घ्या.)


रंकाळावेस · सोमवार, रात्री १०:२०

दिवे घेतले तात्या. पंधरा वर्षं चालतच होते.


टोरांटोकर · मंगळवार, पहाटे ५:१०

मी यातून गेलोय. माझा रू-एन-वाय (बायपासचाच दुसरा प्रकार) होता आणि गाऊट त्याच्या आधीपासूनचा. इथे सर्जनने आधीच बजावलं होतं की वजन भराभर उतरतं त्या पहिल्या काही महिन्यांत ॲटॅक येऊ शकतात. ऑपरेशनच्या आधीपासून ॲटॅक टाळायला कोल्चिसिनची छोटी गोळी रोज चालू केली होती. तरीही दुसऱ्या आठवड्यात गुडघा धरलाच. त्यामुळे 'संबंध नाही' हे मला तरी पटत नाही.

केमिस्टची ती गोळी घेतली नाहीत ते फार बरं केलंत. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी जिथे आतड्याला जोडलेली असते, तिथल्या जोडावर अल्सर होतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रॉक्सेन ही सगळी मंडळी त्याला आमंत्रण देतात. 'पोटाला त्रास न देणारी' म्हणून खपवतात ती एटोरिकॉक्सिबसुद्धा सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नका. इंजेक्शनने घेतलं की पोट वाचतं हाही गैरसमज आहे. औषध रक्तातून फिरून तिथेच परिणाम करतं.


रानजाई · मंगळवार, सकाळी ८:३०

चिकनगुनिया झाला होता का मधे? आमच्या सोसायटीत (पुणे) पावसाळ्यात निम्म्या घरांत होता. ताप जातो, पण घोटे, मनगटं, बोटं महिनोन् महिने सकाळी आखडतात. ऑपरेशनचं निमित्त झालं आणि खरं कारण डास, असंही असेल.


रंकाळावेस · मंगळवार, सकाळी ८:५५

ताप नव्हता, अंगावर पुरळही नाही. आणि दर वेळी एकच सांधा धरतो, दोन्हीकडे एकदम नाही.


चष्मेवाली · मंगळवार, दुपारी २:१५

मी सांधेरोगाची डॉक्टर आहे. इथे बसून निदान करणार नाही, पण काही विचारते. उत्तरं लिहा आणि तीच घेऊन ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जा. (तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. ते जवळ नसतील तर चांगला एमडी मेडिसिनवाला.)

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांत युरिक ॲसिड किती होतं? बीपीची गोळी चालू आहे का, आणि पाकिटावरचं पूर्ण नाव काय? ॲस्पिरिन? पाळी थांबलीय का? दिवसाला पाणी किती जातं? उलट्या होतात का? सुरुवातीच्या पातळ आहारात नक्की काय काय घेत होतात? क्रिएटिनिन, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, बी १२ चे आकडे?

एक मात्र आत्ताच सांगते. सुजलेला एकच गरम सांधा आणि सोबत थंडी-ताप असं झालं तर धागा वाचत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सांध्यात पू झालेला असू शकतो आणि तो थांबत नाही.


रंकाळावेस · मंगळवार, संध्याकाळी ७:३०

फाइल काढून बसलेय.

ऑपरेशनच्या आधी युरिक ॲसिड ८.४ होतं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, छापील कागदावर बाजूला बाण होता तेवढाच. बीपीची गोळी आठ वर्षं चालू आहे, नावाच्या शेवटी 'एच' आहे. आता बीपी ११० च्या आसपास असतं. ॲस्पिरिन नाही. पाळी चार वर्षांपूर्वी थांबली. पाणी... खरं सांगायचं तर लिटरही होत नसेल, घोट घोट प्यावं लागतं आणि शाळेत तास चालू असताना जमत नाही. उलट्या पहिल्या महिन्यात बऱ्याच झाल्या, आता क्वचित. क्रिएटिनिन १.०. डी ११. बी १२ ठीक आहे. कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात, पण मोठ्या असतात, अडकल्यासारखं होतं, म्हणून अधूनमधून.

पातळ आहारात ताक, प्रोटीन पावडर, डाळीचं पाणी, आणि जाऊबाई रोज अळणी (मटण शिजवलेलं पाणी) पाठवायच्या. आमच्याकडे आजारी माणसाला अंगात ताकद यावी म्हणून मटणाचं अळणीच देतात. खरं तर अजूनही वाटीभर येतं.


तात्या_डोंबिवली · मंगळवार, संध्याकाळी ७:४२

अळणी!! सापडला चोर.


चष्मेवाली · मंगळवार, रात्री ११:००

तात्या, चोर एकटा नाही, टोळी आहे.

रक्तातलं युरिक ॲसिड साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळलेलं राहणं कठीण होतं. पाक थंड झाला की तळाला साखर धरते तसे सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक धरतात. पायाचा अंगठा शरीराच्या मानाने गार असतो, म्हणून सुरुवात बहुतेकदा तिथे. ८.४ वर तुम्ही किती वर्षं होतात देव जाणे. म्हणजे स्फटिक ऑपरेशनच्या आधीच जमलेले असणार, फक्त गप्प होते.

मग ऑपरेशन झालं. खाणं एकदम तुटल्यावर शरीर स्वतःच्या पेशी मोडायला लागतं, त्यातून प्युरिन नावाची द्रव्यं सुटतात आणि त्यांचं युरिक ॲसिड बनतं. दुसरीकडे चरबी जळताना कीटोन तयार होतात. मूत्रपिंडातून बाहेर पडायला कीटोन आणि युरिक ॲसिड यांची एकाच दारात गर्दी होते आणि युरिक ॲसिड मागे राहतं. त्यात पाणी कमी, उलट्या. वर बीपीची गोळी. शेवटचा 'एच' म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड. लघवी वाढवणारं औषध आहे, पण युरिक ॲसिड मात्र ते शरीरात धरून ठेवतं. वजन एवढं उतरल्यावर बीपी ११० असेल तर त्या 'एच'ची गरज उरलीय का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारायलाच हवं. स्वतःहून बंद करू नका. बदलायची झालीच तर लोसार्टन युरिक ॲसिड थोडं बाहेर टाकतं, हेही त्यांच्या कानावर घाला.

आता ६.२ चं. ॲटॅक चालू असताना युरिक ॲसिडचा आकडा खाली येतो, पुष्कळांचा अगदी नॉर्मलमध्ये. त्यावरून गाऊट नाही असं म्हणता येत नाही. ठणका पूर्ण उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी परत करा. उलटही खरं आहे: आकडा जास्त आहे म्हणून प्रत्येक दुखणं गाऊट ठरत नाही. आकडा वाढलेल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही.

'बायकांना होत नाही' हे हिपोक्रेटिसच्या काळापासून चालत आलंय, पण त्यानेही 'पाळी थांबेपर्यंत' अशी अट घातली होती. पुढची पिढी अट विसरली. इस्ट्रोजेन युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. ते ओसरलं की आपणही रांगेत.

खात्री करायची तर घोटा सुजलेला असतानाच सुईने त्यातलं पाणी काढून पोलराइज्ड सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. युरेटचे सुईसारखे स्फटिक दिसले की वाद संपला. छोटे चौकोनी-तिरके दिसले तर ते कॅल्शियमचे, आजार वेगळा. त्याच पाण्याचं कल्चरही होतं, म्हणजे जंतुसंसर्ग आहे का तेही कळतं. पाणी निघालं नाही तर सोनोग्राफी किंवा ड्युअल-एनर्जी सीटी.

आणि तुमचं दुसरं दुखणं, ते मंद, बरगड्या-मांड्यांचं, ते गाऊटचं वाटत नाही. डी ११, कॅल्शियम अधूनमधून, आणि खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. हाडं मऊ पडायला लागली की असंच होतं. पॅराथायरॉइड हार्मोन आणि अल्कलाइन फॉस्फटेज करून घ्या. दोन दुखणी एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. आम्ही डॉक्टर एकच नाव शोधत बसतो तिथे पंचाईत होते.


पायवाट · बुधवार, सकाळी ७:१५

थोडं अवांतर. माझ्या भावाचं स्लीव्हनंतर (जठराचा भाग कापून ते छोटं करण्याचं ऑपरेशन) असंच भराभर वजन उतरलं. पाय दुखतोय, मुंग्या येतायत म्हणत होता, सगळे युरिक ॲसिडच्या मागे. एक दिवस पाऊलच उचलेना, चप्पल फरफटायला लागली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जी नस जाते तिच्या भोवतीची चरबी गेली होती, आणि हा तासन् तास पायावर पाय टाकून बसणारा. नस दाबली गेली. पाय सोडून बसायला लागल्यावर आणि फिजिओने काही महिन्यांत बरं वाटलं. सांधा सुजलेला नसेल आणि मुंग्या किंवा जोर कमी असेल तर हेही बघा.


चष्मेवाली · बुधवार, सकाळी ९:००

पायवाट, एकदम बरोबर, आणि हे फार सुटतं नजरेतून. उकिडवं बसून काम करणाऱ्यांनाही होतं. सतत उलट्या आणि मुंग्या असतील तर व्हिटॅमिन बी १ च्या कमतरतेचाही विचार तातडीने करायचा असतो.


वरणभात · बुधवार, दुपारी १:२०

आहारतज्ज्ञ आहे. डाळींवरचा आरोप मागे घ्यावा ही तात्यांना विनंती.

अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांना १२ वर्षं बघून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त, दूधदुभतं खाणाऱ्यांना कमी, आणि ज्यांना आपण घाबरतो त्या प्युरिनवाल्या भाज्या-डाळींनी काहीच वाढला नाही. बायपास झालेल्या बाईची डाळ तोडली तर प्रोटीन आणायचं कुठून? दिवसाला ६० ग्रॅम तरी जायला हवं. व्हे पावडर दुधाचीच असते, ती चालू ठेवा. ताक उत्तम.

अळणीचं मात्र खरं आहे. प्युरिन पाण्यात उतरतात, त्यामुळे मटण शिजवलेल्या पाण्यात ते भरपूर येतात आणि प्रोटीन त्या मानाने फारच कमी. पायाचं सूप, कलेजी, वजरी, सुकट, तारली, मांदेली हे सध्या बाजूला. अंडं चालेल, चिकनचा छोटा तुकडाही चालेल. डब्यातले गोड ज्यूस, कोल्ड्रिंक बंद. फ्रुक्टोजने युरिक ॲसिड वाढतं. बिअरचा प्रश्न येत नसावा.

सोड्याबद्दल: त्यात सोडियम असतं, आणि बीपीवाल्या माणसाला रोज अनशापोटी ते देणं मला पटत नाही. लिंबू पाण्यात घाला, सोडा डब्यात राहू द्या.

पथ्याने आकडा साधारण एक मिलिग्रॅमने हलतो. ८.४ वाल्याला त्याने पुरत नाही, त्यामुळे औषध लागलं तर 'मी काय खाल्लं' म्हणून स्वतःला कोसू नका.


रंकाळावेस · बुधवार, दुपारी १:५०

अभ्यास पुरुषांवरच का पण? आणि जाऊबाईंना सांगायचं कुणी?


वरणभात · बुधवार, दुपारी २:०५

पहिल्याचं उत्तर: गोड पेयांची बाजू नंतर नर्सेसवर, म्हणजे बायकांवरही तपासली, तिथेही तेच दिसलं. दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही.


सुरमई · बुधवार, रात्री ९:३०

मालवणात राहून मांदेली, तारली बंद म्हणजे मग उरलं काय ओ? मला गाऊट नाही, सहज विचारतेय. काळजाला घोर लागला.


टोरांटोकर · गुरुवार, पहाटे ४:४०

पाण्याचं जमत नसेल तर शाळेत टेबलावर खुणा केलेली बाटली ठेवा, दर तासाच्या घंटेला चार घोट. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, आपल्याला आता एकदम ढसाढसा पिता येत नाही. पाण्याने मूतखडेही टळतात. बायपासनंतर ऑक्झलेटचे खडे होण्याचं प्रमाण वाढतं, मला एक झालाय आणि तो अंगठ्यापेक्षा वाईट होता.

दिलासा एवढाच की वजन स्थिर झाल्यावर माझा आकडा आपोआप बराच खाली आला. स्वीडनमध्ये ऑपरेशन झालेल्या लोकांचा कित्येक वर्षं मागोवा घेतलाय. पुढच्या काळात त्यांच्यात गाऊट कमीच झाला. हे सुरुवातीचे महिने तेवढे खडतर.


रंकाळावेस · पुढचा सोमवार, रात्री ८:४५

अपडेट.

तुमच्या प्रश्नांची यादी छापून नेली. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी घोटा बघितल्याबरोबर 'आजच पाणी काढू' म्हटलं. मला वाटलं होतं मरणाचं दुखेल, पण आधीच्या ठणक्यापुढे ते काहीच नव्हतं. स्फटिक सापडले, युरेटचेच. कल्चरमध्ये काही वाढलं नाही. तर गाऊट आहे, नक्की.

घोट्यासाठी पाच दिवस प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड), सोबत आम्ल कमी करणारी गोळी. साखर रोज बघायला सांगितली, ती थोडी चढली आणि उतरली. कोल्चिसिन दिवसातून एकदा. 'एच' गेलं, बीपीची साधी लोसार्टन आली. पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेला निघाला, अल्कलाइन फॉस्फटेजही. म्हणजे दुसरं दुखणं वेगळंच. डीची साठ हजाराची मात्रा आठवड्यातून एकदा, आणि कॅल्शियम आता सायट्रेटचं, चघळायचं. पोटात आम्ल कमी असलं तरी सायट्रेट शोषलं जातं म्हणे, आधीचं कार्बोनेट होतं.

युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून सुरू केलीय. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर गोळी थांबवून लगेच या, असं दोनदा सांगितलं.

जाऊबाईंना मिस्टरांनी सांगितलं. आता त्या अळणीऐवजी ताक पाठवतात, मिठाचं.


चष्मेवाली · सोमवार, रात्री १०:३०

छान काम झालं. मीठ कमी करायला सांगा.


रंकाळावेस · महिन्याभराने, शनिवार

परत तेच. ॲलोप्युरिनॉल चालू असताना उजवा अंगठा पुन्हा धरला, पहिल्याइतका नाही पण धरला. आकडा ६.७ आलाय. गोळी लागू पडत नाहीये का? तात्या म्हणतील सोडा घ्या. बंद करू का?


तात्या_डोंबिवली · शनिवार, सकाळी ११:१०

मी काही म्हणत नाही. मेव्हण्यालाच परवा गाऊटचा ॲटॅक आला.


चष्मेवाली · शनिवार, दुपारी १२:४०

बंद करू नका. आकडा उतरायला लागला की जुने स्फटिक सुटतात आणि सुटताना सांध्याला डिवचतात. पहिल्या काही महिन्यांत हे होतंच, कोल्चिसिन तेवढ्यासाठीच तीन ते सहा महिने सोबत ठेवतात. १०० ही सुरुवातीची मात्रा आहे, शेवटची नाही. ६ च्या खाली येईपर्यंत डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि मधे रक्त बघतात. तारीख घेऊन जा आणि 'वाढवायची का' असं स्वतः विचारा, कारण १०० वरच वर्षानुवर्षं राहिलेले पेशंट मला दर आठवड्याला भेटतात. आणखी एक: घशासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर कोल्चिसिन चालू आहे हे सांगा, दोन्ही एकत्र नकोत.

मेव्हण्यांना माझा सल्ला तोच, तात्या. रक्त तपासून घ्या.


रंकाळावेस · शनिवार, दुपारी १:०५

मंगळवारची वेळ मिळाली. बरगड्यांचं दुखणं निम्म्यावर आलंय, हे लिहायचं राहिलं. खुर्चीतून हात न टेकता उठते.


अनामिका_सांगली · रविवार, सकाळी १०:२०

इथेच विचारते, चालेल ना? वडिलांना टीबीची औषधं सुरू होऊन महिना झाला. खांदे, गुडघे दुखतात, युरिक ॲसिड ९.८ आलंय. ऑपरेशन वगैरे काही नाही. वरचं वाचून गोळ्या थांबवाव्यात असं वाटतंय.


चष्मेवाली · रविवार, सकाळी १०:३५

थांबवू नका. टीबीच्या औषधांतलं पायराझिनामाइड युरिक ॲसिड वाढवतं, ते ठाऊक असलेलं आहे आणि बहुतेकदा पहिल्या दोन महिन्यांनंतर ते औषध निघालं की आकडा उतरतो. उद्या सरकारी टीबी केंद्रात जाऊन दुखण्याचं सांगा. बाकीचं नवीन धागा काढून लिहा, तिथे उत्तर देते.